आकड्यांचा पडताळा

शाळेत भागाकाराचे उदाहरण सोडवले की गुरुजी पडताळा मागत. भाजकाला भागाकाराने गुणायचे, बाकी मिळवायची. भाज्य आले तर उत्तर बरोबर. शोधनिबंधांतील आकड्यांचा असाच पडताळा यंत्राकडून घेण्याची एक कथा नेदरलँड्समध्ये घडली.

सप्टेंबर २०११मध्ये टिलबर्ग विद्यापीठाने नामवंत सामाजिक मानसशास्त्रज्ञ डिडेरिक स्टापेल यांना निलंबित केले. प्रयोग न करताच ते आकडे रचत होते. पुढल्या वर्षी चौकशी समित्यांना त्यांच्या ५५ प्रकाशनांत लबाडी आढळली. मोठ्या नियतकालिकांच्या तज्ज्ञ परीक्षकांना ती दिसली नव्हती.

त्याच २०११ साली मारयान बाकर आणि येल्टे विखर्ट्स या डच संशोधकांनी मानसशास्त्राचे २८१ निबंध घेऊन त्यांतील संख्याशास्त्रीय निकाल तपासले. चुका भरपूर निघाल्या. पण हाताने तपासून असे किती निबंध होणार?

मिशेल नॉयटेन आणि साशा एप्सकाम्प यांनी त्यासाठी ‘स्टॅटचेक’ ही आज्ञावली तयार केली. मानसशास्त्रात निकाल ठरावीक साच्यात लिहितात. उदाहरणार्थ, टी (२८) = २.२०, पी = ०.०३६. यातील पहिल्या दोन संख्यांवरून तिसरी पुन्हा काढता येते. आज्ञावली निबंध वाचते, हे गणित करते आणि छापलेल्या आकड्याशी ताडून पाहते. सन १९८५ ते २०१३ या काळातील अडीच लाखांहून अधिक पी-मूल्ये तिने तपासली. असे निकाल देणाऱ्या निबंधांपैकी निम्म्यांत एक तरी विसंगती होती. आठांतील एका निबंधात ती निष्कर्षच फिरवू शकेल इतकी मोठी होती. अशा मोठ्या विसंगती ‘निकाल लक्षणीय’ म्हणून नोंदवलेल्या आकड्यांत अधिक होत्या. म्हणजे चुकांचा कल बहुधा लेखकाला सोयीच्या बाजूला होता.

वाद पेटला तो २०१६मध्ये. टिलबर्गच्याच ख्रिस हार्टखेरिंक यांनी सुमारे पन्नास हजार निबंधांचे तपासणी-अहवाल पबपीअर या संकेतस्थळावर जाहीर केले. लेखकांना आधी विचारले नव्हते. जर्मन मानसशास्त्र संघटनेने आक्षेप घेतला, की यामुळे संशोधकांच्या नावाला बट्टा लागतो. आक्षेपात तथ्य होते. योग्य कारणाने केलेली दुरुस्तीही यंत्राला कधी कधी चूक वाटते, आणि टंकनदोष व लबाडी यांतला फरक त्याला कळत नाही. तरीही त्याच वर्षी ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या नियतकालिकाने छपाईपूर्वीच ही तपासणी सुरू केली. मला हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो: चूक चारचौघांत दाखवण्याआधी ती सुधारायची संधी लेखकाला मिळते.

मात्र यंत्राची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते. नीट रचलेले खोटे आकडे स्टॅटचेकमधून सहज पार होतात. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरवलेले उत्तरही पडताळ्यात बरोबरच येते. स्टापेल यांना पकडले ते त्यांच्याच विभागातील तीन तरुण संशोधकांनी. त्यांना आकडे खटकले. त्यांनी चुपचाप पुरावा जमवला आणि स्वतःचे भवितव्य पणाला लावून विभागप्रमुखांकडे गेले. बेरजा तपासण्याचे काम आता यंत्राने करावे. पण त्या तिघांसारखे कुणी उद्या बोलायला उठले, तर त्यांचे ऐकून घेण्याची सोय विद्यापीठांनाच करावी लागेल.