फिनिक्सच्या माळावरील कस्तुरबा

दिल्लीच्या कॉनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणाऱ्या एका रस्त्याचे जुने नाव कर्झन रोड. एका व्हाइसरॉयचे नाव जाऊन तेथे कस्तुरबा गांधी मार्ग अशी पाटी लागली. २०१३ साली ह्याच मार्गावर नवे महाराष्ट्र सदन उघडले, त्यामुळे मराठी माणसाची येथे सदैव ये-जा असते. परंतु टॅक्सीवाल्याला आपण जिचे नाव सांगतो, त्या स्त्रीच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे परमुलखातील एका शेतावर गेली, हे सहसा कोणाच्या ध्यानी नसते.

रामदास भटकळ यांनी कस्तुरबांवर ‘जगदंबा’ हे नाटक लिहिले व रोहिणी हट्टंगडी यांनी त्यात कस्तुरबा उभ्या केल्या. ह्या विषयावर लिहिणाऱ्या नाटककाराची अडचण मोठी आहे. कस्तुरबांचे लिहिणे-वाचणे बेताचेच. त्यांचे बोलणे आपल्यापर्यंत येते ते बहुतांशी पतीच्या लेखणीतून. तेव्हा शब्द बाजूस ठेवून त्यांच्या कृतीच पाहाव्या लागतात, आणि त्यासाठी फिनिक्सला जावे लागते.

१९०४ साली गांधीजींनी डरबनपासून सुमारे १४ मैलांवर १००० पौंडांत १०० एकर जमीन घेतली. आसपास उसाचा मुलूख. १८६० पासून नाताळात आलेल्या गिरमिटिया मजुरांच्या घामावर तो पिकला होता. जमिनीत संत्र्या-आंब्यांची थोडी झाडे आणि सापांचा सुळसुळाट. पत्र्याच्या घरांत राहावे, हाताने शेती करावी आणि ‘इंडियन ओपिनियन’ पत्र छापावे, असा बेत. रस्किनचे पुस्तक गांधीजींनी आगगाडीत वाचले; त्या पुस्तकाचा संसार मात्र पोरबंदरच्या सधन व्यापाऱ्याच्या ह्या लेकीला १९०६ पासून मांडावा लागला. तिची संमती कोणी विचारली होती काय? मला तरी तसे वाटत नाही.

१९०९ च्या सुमारास त्या डरबनला एका डॉक्टरांकडे अत्यवस्थ होत्या. गोमांसाचा रस दिल्यावाचून इलाज नाही, असे डॉक्टर म्हणाले. कस्तुरबांनी साफ नकार दिला आणि फिनिक्सला जाण्याचे ठरले. पाऊस झिमझिमत होता. रिक्षातून स्टेशन, मग आगगाडी, आणि शेवटचे अडीच मैल माणसांनी वाहिलेल्या झोळीतून, अशा त्या माळावर परतल्या. हे शेत त्यांनी निवडलेले नव्हते. पण ह्या दिवशी त्यांनी ते निवडले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१३ च्या मार्चमध्ये केपच्या न्यायालयाने ख्रिस्ती विधीने न झालेले विवाह कायद्याने अमान्य ठरवले. प्रश्न आता थेट चुलीपर्यंत आला होता. सप्टेंबरात फिनिक्सहून १६ जणांची तुकडी ट्रान्सवालची हद्द ओलांडण्यास निघाली. कस्तुरबा तीत होत्या. तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. मॅरित्सबर्गच्या तुरुंगातून डिसेंबरात सुटल्या तेव्हा हाडांचा सापळा उरला होता.

१९१४ च्या जुलैत त्यांनी आफ्रिका सोडली. फिनिक्सचे ते घर १९८५ च्या दंगलीत जळाले. पुढे ते पुन्हा बांधण्यात आले.