मुत्सद्देगिरीच्या शिक्षणाची दोन घराणी

आंतरराष्ट्रीय संबंध, म्हणजे राष्ट्राराष्ट्रांतील युद्ध, तह, व्यापार, कायदा आणि संघटना यांचा एकत्रित अभ्यास, हा विषय विद्यापीठांत स्वतंत्रपणे शिकवला जाऊ लागला त्याला जेमतेम एक शतक उलटले आहे; परराज्यात वकील पाठवण्याची प्रथा मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. पेशव्यांच्या वतीने दिल्लीत राहणारे हिंगणे किंवा निजामाच्या दरबारातील गोविंदराव काळे यांनी आपले काम कोणत्याही पाठशाळेत शिकून घेतलेले नव्हते; ते घरात, दप्तरात आणि दरबारातील रोजच्या वावरातून अंगवळणी पडत असे. युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. ऑस्ट्रियाच्या मारिया तेरेसा हिने १७५४ मध्ये व्हिएन्ना येथे पौर्वात्य भाषा शिकवणारी अकादमी काढली आणि जर्मनीकडून झालेल्या पराभवानंतर, १८७२ मध्ये, एमिल बुत्मी यांनी पॅरिसमध्ये राज्यशास्त्राची खासगी शाळा उभारली, तिच्यातून फ्रेंच परराष्ट्र खात्याच्या परीक्षेसाठी उमेदवार तयार होऊ लागले. परंतु हे अपवाद होत.

विद्यापीठांची गरज का भासली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी पैशात आहे. ब्रिटिश राजनैतिक सेवेत, म्हणजे परदेशातील वकिलातींमध्ये नेमल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या वर्गात, प्रवेश घेणाऱ्या तरुणाला स्वतःचे वर्षाला किमान ४०० पौंडांचे खासगी उत्पन्न असल्याचे दाखवावे लागे, कारण सुरुवातीच्या काळात सरकार त्याला जवळपास काहीच देत नसे. ज्याच्या घरी जमीनजुमला आहे, ज्याला फ्रेंच घरच्या शिक्षिकेकडून आलेली आहे आणि ज्याच्या चुलत्याची परराष्ट्र खात्यात ओळख आहे, अशा मुलासाठी वेगळ्या पदवीची योजना करण्याचे कोणालाच कारण नव्हते. अमेरिकेतही वेतन इतके तुटपुंजे होते की राजदूतपद हा श्रीमंतांचा शौक समजला जाई. ब्रिटनमधील खासगी उत्पन्नाची ही अट १९१९ मध्ये रद्द झाली आणि त्याच वर्षी अटलांटिकच्या दोन्ही काठांवर, परस्परांशी काहीही संबंध नसताना, या विषयाचे दोन विद्यापीठीय वर्ग सुरू झाले. अट रद्द झाली म्हणून वर्ग निघाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. दोन्हींच्या मागे पहिले महायुद्ध होते आणि मुत्सद्देगिरी हे मूठभर घराण्यांचे काम राहू देणे परवडणारे नाही, ही जाणीव त्या युद्धाने दोन्हीकडे सारखीच करून दिली होती.

यांपैकी पहिला वर्ग निघाला तो लंडन किंवा ऑक्सफर्डमध्ये नव्हे, तर वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील अ‍ॅबरिस्टविथ या लहानशा गावातील, १८७२ मध्ये स्थापन झालेल्या महाविद्यालयात. त्याचे जनक डेव्हिड डेव्हीज हे कोळसा आणि रेल्वे यांत अफाट पैसा मिळवलेल्या आजोबांचे वारस, लिबरल पक्षाचे खासदार आणि आघाडीवर बटालियनचे नेतृत्व केलेले सैनिक होते. ग्वेंडोलिन आणि मार्गारेट या आपल्या बहिणींसह त्यांनी, युद्धात मरण पावलेल्या विद्यार्थ्यांच्या स्मरणार्थ, २०,००० पौंड देऊन आंतरराष्ट्रीय राजकारणाचे अध्यासन स्थापन केले. अध्यासन म्हणजे कायम निधीच्या व्याजावर चालणारे प्राध्यापकपद. त्याला अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांचे नाव देण्यात आले, कारण विल्सन यांच्या कल्पनेतील राष्ट्रसंघ युद्धाचा कायमचा बंदोबस्त करील अशी देणगीदारांची श्रद्धा होती. येथील शिक्षणाचा हेतू नोकरी मिळवून देणे हा नव्हताच. नागरिकांना युद्धाची कारणे समजली तर ते युद्ध होऊ देणार नाहीत, असा हा विचार होता आणि त्यामुळे पहिला प्राध्यापक म्हणून प्राचीन ग्रीसचे अभ्यासक आल्फ्रेड झिमर्न यांची निवड झाली, यात कोणाला विसंगती वाटली नाही.

दुसरा वर्ग वॉशिंग्टनमध्ये निघाला आणि त्याच्या हेतूत श्रद्धेपेक्षा हिशेब अधिक होता. जॉर्जटाऊन हे १७८९ पासून चालत आलेले जेझुइट विद्यापीठ. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयामुळे मराठी वाचकांना परिचित असलेल्या याच ख्रिस्ती संघातील एडमंड वॉल्श या तिशीतल्या धर्मगुरूकडे १९१९ मध्ये तेथील परराष्ट्र सेवा विद्यालयाची सूत्रे आली. युद्धाने अमेरिकेला कर्जदाराची सावकार करून ठेवले होते. तिचा माल आणि तिची जहाजे जगभर जाऊ लागली होती, पण परदेशी बंदरांत त्यांची बाजू सांभाळणारी, कायदा, चलन आणि भाषा जाणणारी माणसे पुरेशी नव्हती. म्हणून येथे आंतरराष्ट्रीय व्यापार, जहाजवाहतूक, आर्थिक भूगोल आणि परभाषा यांवर भर होता, तसेच परदेशातील बंदरांत आणि शहरांत स्वदेशाच्या व्यापाराचे व नागरिकांचे हित पाहणाऱ्या वाणिज्य दूताच्या कामाचे शिक्षणही दिले जाई. विशेष असे, की ज्या सेवेचे नाव या विद्यालयाने धारण केले ती सेवा तोपर्यंत अस्तित्वातच नव्हती. राजनैतिक आणि वाणिज्य-दूत या दोन वेगवेगळ्या शाखा एकत्र करून, वेतन आणि परीक्षा ठरवून देऊन, अमेरिकेची परराष्ट्र सेवा १९२४ च्या रॉजर्स कायद्याने जन्माला आली. आधी शाळा आणि मग नोकरी, असा हा उफराटा क्रम होता.

एकोणीस-वीस वर्षांच्या तरुणाला या दोहोंपैकी निवड करायची असती, तर ती केवळ दोन गावांतील निवड ठरली नसती. एका ठिकाणी त्याला राष्ट्रे भांडतात का, हा प्रश्न शिकवला जाणार होता आणि दुसऱ्या ठिकाणी भांडण चालू असताना मालाने भरलेले जहाज बंदरातून कसे सोडवायचे, हे. आज विद्यार्थी विद्यापीठाची क्रमवारी, शुल्क आणि शिष्यवृत्ती यांचे कोष्टक मांडतात; परंतु विद्यापीठाचा विभाग कोणाच्या पैशातून, कोणत्या शहरात आणि कोणत्या चिंतेपोटी निघाला, हा रकाना त्या कोष्टकात सहसा नसतो आणि अभ्यासक्रमाचा कल मात्र पुष्कळदा त्यावरूनच ठरलेला असतो.

पुढील दोन दशकांत या विषयाचा विस्तार झपाट्याने झाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, डॉ. आंबेडकरांना तेथील डी.एस्सी. मिळाल्यानंतर वर्षभरातच, म्हणजे १९२४ मध्ये, फिलिप नोएल-बेकर हे आंतरराष्ट्रीय संबंधांचे प्राध्यापक झाले. १९२७ मध्ये राष्ट्रसंघाच्या सावलीत, जिनिव्हात, विल्यम रापार आणि पॉल मांतू यांनी पदव्युत्तर संस्था काढली. १९३० मध्ये तयार कपड्यांच्या धंद्यात धनाढ्य झालेल्या माँटेग्यू बर्टन यांच्या देणगीतून ऑक्सफर्डला अध्यासन मिळाले आणि त्यावर पुन्हा झिमर्नच बसले. अमेरिकेत फ्लेचर विद्यालय १९३३ मध्ये आणि पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सामील झालेले वॉशिंग्टनमधील प्रगत आंतरराष्ट्रीय अभ्यासाचे विद्यालय १९४३ मध्ये सुरू झाले. या सर्व संस्थांत तपशिलाचे भेद असले तरी त्या कमीअधिक प्रमाणात पहिल्या दोन घराण्यांपैकी एकाच्या बाजूला झुकलेल्या दिसतात.

देणगीदाराचा हेतू आणि विद्यापीठाचे स्वातंत्र्य यांचा खरा कस मात्र अ‍ॅबरिस्टविथमध्येच लागला. १९३६ मध्ये विल्सन अध्यासनावर ई. एच. कार यांची निवड झाली, तेव्हा ते २० वर्षे ब्रिटिश परराष्ट्र खात्यात काम करून आलेले होते आणि डेव्हीज यांना ती निवड पहिल्यापासून पसंत नव्हती. डेव्हीज यांची श्रद्धा एव्हाना अधिकच पक्की झाली होती. आक्रमक राष्ट्राला वठणीवर आणण्यासाठी आंतरराष्ट्रीय पोलीसदल असावे, असा त्यांचा आग्रह होता आणि १९३८ च्या नोव्हेंबरात, म्हणजे म्युनिक करारानंतर दोनच महिन्यांनी, कार्डिफ येथे त्यांच्या देणगीतून बांधलेल्या शांतिमंदिराचे उद्‌घाटन झाले. पुढच्याच वर्षी कार यांचा ‘द ट्वेंटी इयर्स क्रायसिस’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. राष्ट्रांचे हितसंबंध मुळात एकमेकांशी जुळणारेच असतात, हे गृहीतक सुस्थितीतील राष्ट्रांच्या सोयीचे असून सत्ता या घटकाकडे डोळेझाक करणारा विचार शास्त्र म्हणवून घेऊ शकत नाही, अशी मांडणी त्यात होती. म्हणजे ज्या श्रद्धेवर ते अध्यासन उभे होते तिच्यावरच त्याच्या अधिकाऱ्याने घाव घातला. महायुद्धाच्या काळात कार ‘टाइम्स’ या वृत्तपत्रात सहायक संपादक म्हणून अग्रलेख लिहीत राहिले आणि प्राध्यापकपदही त्यांनी सोडले नाही, तेव्हा डेव्हीज यांचा संताप अनावर झाला. तरीही १९४४ मध्ये डेव्हीज यांचे निधन झाले तेव्हा कार पदावर कायम होते आणि १९४७ मध्ये ते बाहेर पडले. राजधानीपासून दूर असलेल्या, सरकारी खात्यांशी दैनंदिन संबंध नसलेल्या गावात विषयाची अशी उलटतपासणी होऊ शकली, हा योगायोग मानता येईल. पण नोकरीसाठी उमेदवार घडवणाऱ्या संस्थेत ती इतक्या सहजतेने झाली असती असे वाटत नाही.

भारतात हा विषय आला तो या दोन्ही घराण्यांच्या खुणा घेऊन. स्वातंत्र्यापूर्वी परराष्ट्र व्यवहार ज्यांच्या हाती होता ते राजकीय सेवेतील अधिकारी आय.सी.एस. आणि लष्कर यांतून घेतले जात, त्यामुळे बिनसरकारी अभ्यासाला महत्त्व आले. तेज बहादूर सप्रू आणि हृदयनाथ कुंझरू यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये भारतीय विश्व व्यवहार परिषद स्थापन झाली. कुंझरू हे नामदार गोखले यांनी पुण्यात १९०५ मध्ये काढलेल्या भारत सेवक समाजाचे आजीव सदस्य आणि पुढे अध्यक्ष; सार्वजनिक प्रश्नावर मत देण्याआधी त्याचा कागदोपत्री अभ्यास केला पाहिजे, ही गोखल्यांची शिस्त या परिषदेच्या कामात उतरलेली दिसते. १९४७ ची आशियाई संबंध परिषद याच संस्थेने भरवली. १९५५ मध्ये दिल्लीत सप्रू हाऊस उभे राहिले आणि तेथेच अ. अप्पादोराय यांच्या संचालकत्वाखाली भारतीय आंतरराष्ट्रीय अभ्यास विद्यालय सुरू झाले. प्रारंभी दिल्ली विद्यापीठाशी संलग्न असलेल्या या विद्यालयाला १९६१ मध्ये विद्यापीठसम दर्जा मिळाला आणि १९७० मध्ये ते नव्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. एखाद्या प्रदेशाची भाषा, इतिहास, अर्थकारण आणि राजकारण एकत्र अभ्यासण्याची पद्धत, जिला क्षेत्र-अभ्यास म्हणतात, तिचा येथे पाया घातला गेला आणि पीएच.डी. हे शिक्षणाचे मुख्य फळ मानले गेले.

याच सुमारास, १९५६ मध्ये, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात आंतरराष्ट्रीय संबंधांचा स्वतंत्र विभाग निघाला. स्वदेशी चळवळीच्या काळात, १९०६ मध्ये, स्थापन झालेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या वारशातून हे विद्यापीठ उभे राहिलेले असल्याने तेथे हा विषय इतर सामाजिक शास्त्रांच्या बरोबरीने, एक सर्वसाधारण विद्यापीठीय विषय म्हणून रुजला. दिल्लीची संस्था परराष्ट्र मंत्रालयापासून हाकेच्या अंतरावर, तर जादवपूर त्यापासून १,००० किलोमीटरहून अधिक दूर. वेल्स आणि वॉशिंग्टन यांच्यातील फरक एकाच देशात पुन्हा मांडला गेला. फक्त दिल्लीने राजधानीची जवळीक घेतली तरी जॉर्जटाऊनचा व्यावहारिक अभ्यासक्रम घेतला नाही, ही तिची वेगळी तऱ्हा.

याचे कारण भारतीय परराष्ट्र सेवेच्या घडणीत सापडते. ही सेवा उभारण्याचा निर्णय ९ ऑक्टोबर १९४६ रोजी झाला आणि तिच्यातील थेट भरती संघ लोकसेवा आयोगाच्या सामाईक परीक्षेतून होऊ लागली, जिला कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे नेहरू विद्यापीठात अणु-मुत्सद्देगिरीवर पीएच.डी. केलेले एस. जयशंकर परराष्ट्र सचिव झाले, तसे दिल्ली विद्यापीठात इतिहास शिकलेले विजय गोखलेही झाले. आणि कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या गावातून आलेले ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत दाखल झाले ते आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी हाती नसताना. या विषयाच्या पदवीधरांना वाव मिळाला तो प्रामुख्याने संशोधन संस्था, अध्यापन, पत्रकारिता आणि संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संघटना यांत. निवड झालेल्या अधिकाऱ्याला राजशिष्टाचार, वाटाघाटी आणि वाणिज्य-दूताचे काम शिकवण्यासाठी शासनाने १९८६ मध्ये दिल्लीत स्वतःचीच परराष्ट्र सेवा संस्था काढली. परभाषाही त्याला निवडीनंतरच नेमून दिली जाते, मग त्याने विद्यापीठात रसायनशास्त्र घेतलेले असो की रशियन. वॉल्श यांनी १९१९ मध्ये विद्यापीठाच्या अंगावर घेतलेले काम भारतात अशा रीतीने मंत्रालयाने आपल्याकडे ठेवले.