छेद लहान, शस्त्रक्रिया मोठीच

हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया म्हटली, की छातीच्या मधोमध उभा, वीतभर व्रण डोळ्यांसमोर येतो. छातीचे मधले हाड कापून हृदयापर्यंत पोचण्याची ही पद्धत जुनी व भरवशाची. मात्र हाड सांधण्यास ६ ते ८ आठवडे लागतात.

फ्रान्सचे शल्यविशारद अलँ कार्पांतिए यांनी १९९६ मध्ये छोट्या छेदातून, कॅमेऱ्याच्या साह्याने मायट्रल झडप दुरुस्त केली आणि दुसरी वाट खुली झाली. यात उजवीकडे दोन बरगड्यांमध्ये ५ ते ७ सेंटिमीटरचा छेद घेतात. हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्या बहुधा जांघेतील रक्तवाहिन्यांतून जोडल्या जातात.

खरी कसोटी एकाहून अधिक झडपा बिघडल्यावर लागते आणि भारतात असे रुग्ण कमी नाहीत. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गाकडे दुर्लक्ष झाल्यास ऱ्हुमॅटिक ताप येऊ शकतो. त्यात प्रामुख्याने मायट्रल व अनेकदा एओर्टिक झडपही खराब होते. मायट्रलमुळे वाढलेला दाब फुप्फुसांमार्गे हृदयाच्या उजव्या कप्प्यावर येतो. तेथील ट्रायकस्पिड झडप ताणली जाऊन गळू लागते.

मायट्रल व ट्रायकस्पिड एकाच छेदातून हाताळणे तुलनेने सोयीचे. एओर्टिक झडप मात्र वरच्या बाजूस असते. तिन्ही गाठायच्या, तर छेदाची जागा नेमकी साधावी लागते. सहसा मायट्रल झडप आधी बसवितात, कारण एओर्टिकच्या जागी कृत्रिम झडप बसली, की मायट्रलकडे पोचणे अवघड होते. प्रत्येक झडपेगणिक हृदय थांबवून ठेवण्याचा अवधी वाढतो आणि अरुंद वाटेने तो आणखी लांबू शकतो. ‘छोटी शस्त्रक्रिया’ हा शब्दप्रयोग म्हणूनच फसवा आहे.

वेदना व रक्तस्राव कमी, कामावर लवकर परतणे, हे लाभ खरेच. तथापि पायांच्या धमन्या अरुंद झालेल्या असल्यास, पूर्वी उजव्या फुप्फुसावर शस्त्रक्रिया झाली असल्यास किंवा झडपेभोवती कॅल्शियम फार साचले असल्यास मधला छेदच सुरक्षित ठरू शकतो. ऐनवेळी तो घ्यावा लागू शकतो, याची कल्पना नातेवाइकांना आधीच दिलेली बरी.

छेद कोणताही असो, यांत्रिक झडप बसविल्यास रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि तिच्यासाठीची रक्ततपासणी आयुष्यभर चुकत नाही. मूल हवे असलेल्या तरुणींनी झडप निवडण्यापूर्वीच याविषयी डॉक्टरांशी बोलावे. ही गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते.