समोरचा भिडू कोण?

१७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात वोल्फगांग फॉन केम्पेलेनने बुद्धिबळ खेळणारं एक यंत्र आणलं. तुर्की पोशाखातला बाहुला, पुढ्यात पेटी, पेटीवर पट. १८०९ मध्ये खुद्द नेपोलियन त्याच्याशी खेळला. १८५४ च्या आगीत तो बाहुला जळाला. पेटीत अर्थातच एक माणूस दडून बसायचा! तेव्हा यंत्राच्या आत माणूस लपवत होते. आमच्या काळात उलट झालं. माणसाच्या नावाआड यंत्र लपू लागलं. त्या यंत्राला आपण बॉट म्हणतो.

पत्त्यांच्या ऑनलाइन खेळांत बॉट काही नवे नाहीत. हार्थस्टोन २०१४ साली आला आणि त्याच वर्षी ब्लिझर्डने बॉट चालवणारी हजारो खाती बंद केली. तिथे प्रश्न सोपा होता. घर कंपनीचं, पत्ते कंपनीचे, नियमही तिचेच. नको असलेल्या पाहुण्याला दार दाखवलं की झालं.

मग ब्लॉकचेनवरचे खेळ आले. स्प्लिंटरलँड्सचंच घ्या. २०१८ मध्ये स्टीम नावाच्या ब्लॉकचेनवर 'स्टीम मॉन्स्टर्स' म्हणून तो सुरू झाला, २०१९ मध्ये नाव बदललं, २०२० मध्ये बिऱ्हाड हाइव्हवर हललं. इथला मुख्य दावा हा, की पत्ता तुमच्या मालकीचा. विका, भाड्याने द्या, कुणाला देऊन टाका. आता तुम्ही म्हणाल, पत्ता माझा, खातं माझं, मग तो मी खेळवायचा की माझ्या प्रोग्रामने, हे विचारणारे तुम्ही कोण? खरं सांगतो, या प्रश्नाला चटकन उत्तर देता येत नाही.

त्यात खेळाची घडणच बॉटला सोयीची. लढाईआधी नियम आणि मानाची मर्यादा कळते, त्यात बसेल अशी आपली फळी निवडायची. दोन्ही बाजूंच्या फळ्या आधी जणू बंद पाकिटात जातात, मग उघडतात, आणि लढाई आपोआप पार पडते. मधे हात घालता येत नाही. म्हणजे सगळं कौशल्य निवडीत. आणि आधीच्या लढायांच्या नोंदी सगळ्यांना उघड्या! कोणत्या नियमाला कोणती फळी जिंकली, हे बॉट लाखो नोंदींतून हुडकणार. माणूस संध्याकाळी दमून येऊन किती नोंदी वाचणार? पारदर्शकतेचा जो अभिमान होता, तीच बॉटची शाळा झाली.

२०२१ मध्ये एसपीएस हे टोकन आलं, भाव चढले, गर्दी लोटली. दहा डॉलरचं 'स्पेलबुक' घेतलं की खातं कमाई करू लागे. मग एकेका माणसाने खात्यांच्या रांगा लावल्या यात नवल ते काय? समजा बक्षिसाची थैली १००० रुपयांची आहे आणि वाटेकरी १० आहेत. प्रत्येकी १०० मिळतील. त्यात ९० बॉट येऊन बसले की हातात १० रुपये. थैली तेवढीच. खालच्या लीगमधला, दोन पैसे मिळतील म्हणून खेळणारा माणूस आधी भरडला जातो.

पण बॉटना नुसत्या शिव्या देऊन भागत नाही. रात्री तीन वाजताही समोर कुणीतरी भिडू मिळतो, तो बऱ्याचदा त्यांच्यामुळे. पत्ते भाड्याने घेणारं मोठं गिऱ्हाईकही तेच. म्हणजे पत्त्यांच्या मालकांचं भाडं बॉटच भरतात. आणि कारभाराचं मत टोकनांवर मोजलं जातं, डोक्यांवर नाही. ज्याचं भाडं बुडणार त्याच्याच हातात जास्त मतं, असंही होऊ शकतं.

यातून निघालेली वाट मला बोलकी वाटते. २०२२ मध्ये खेळाचे दोन प्रकार झाले. मॉडर्नमध्ये फक्त नवे पत्ते, वाइल्डमध्ये सगळे. पुढे मॉडर्नमध्ये बॉटना मनाई केली आणि वाइल्डमध्ये त्यांना मुभा ठेवली. एका वाड्यात दोन खोल्या, दारावर पाट्या.

मला वाटतं, समतोल म्हणजे शंभरात किती माणसं आणि किती बॉट, हा आकडा नव्हेच. केम्पेलेनचं यंत्र हरवत होतं याचा राग कुणाला नव्हता. फसवणूक होती ती पेटीत कोण आहे हे न सांगण्यात. यंत्राशी खेळतोय हे ठाऊक असेल तर हरण्यातही मजा आहे. पण माणूस समजून तासभर डोकं लढवावं आणि पलीकडे कुणी नसावंच, हे मात्र मनाला लागतं. पैशाचं नुकसान मोजता येतं. हे दुसरं मोजता येत नाही, म्हणून खेळ आखणाऱ्यांच्या हिशेबात ते बहुधा शेवटी येतं.

असो. डाव मांडण्याआधी समोर कोण आहे ते विचारायचा हक्क भिडूला असावा, इतकंच.