ओझें कीं बिघाड?

नागपुराहून दिल्लीस जाणाऱ्या प्रवाशास इटारसी, भोपाळ, बीना, झाशी, ग्वाल्हेर हीं नांवें पाठ असतात. त्यांतील बीना हें गांव सागर जिल्ह्यांतलें, आणि हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूरच्याच सरकारच्या अंमलाखालीं होता. आपल्यापैकीं बहुतेकांस बीना आठवतें तें गाडी बदलण्याचें जंक्शन म्हणून. विजेच्या इतिहासांत मात्र ह्या नांवास निराळेंच स्थान आहे. ३० जुलै २०१२ रोजीं पहांटे २ वाजून ३३ मिनिटांनीं बीना ते ग्वाल्हेर ह्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीच्या राखणदारानें ती वाहिनी तोडली, आणि कांहीं क्षणांतच सारा उत्तर भारत अंधारांत बुडाला. नवल असें कीं, वाहिनीवर त्या वेळीं बिघाड कोणताच नव्हता.

हा राखणदार म्हणजे रिले नांवाचें यंत्र. वीज कडाडली, झाडाची फांदी तारेवर पडली, तार तुटून भुईस लागली, कीं तेवढाच भाग क्षणार्धांत वेगळा काढावा, एवढेंच त्याचें काम. पण बिघाड झाला हें त्यानें ओळखावें कसें? १९०४ सालीं मर्झ आणि प्राइस ह्या दोघां इंग्रज एंजिनियरांनीं सोपी युक्ति काढली. एका टोकानें जेवढा प्रवाह आंत गेला तेवढाच दुसऱ्या टोकानें बाहेर पडला पाहिजे. न पडला तर मध्यें कोठें तरी गळती आहे. हिशेब वाण्याच्या दुकानांतला, आणि बिनचूक. मात्र दोन्ही टोकांचा मेळ घालण्यास मूळ वाहिनीबरोबर आणखी एक तार न्यावी लागे. शेंकडों मैलांवर हें परवडेना.

म्हणून १९२३ च्या सुमारास अंतर मोजणारा रिले पुढें आला. बिघाड होतांच दाब उतरतो व प्रवाह उसळतो. दाबास प्रवाहानें भागलें असतां येणारी संख्या जितकी लहान, तितका बिघाड जवळ. म्हणजे एकाच टोकाशीं बसून दूरचा बिघाड किती अंतरावर आहे हें कळूं लागलें. ह्या रिलेच्या नजरेचे बहुधा तीन पट्टे आंखतात. पहिल्या पट्ट्यांत, म्हणजे आपल्या वाहिनीच्या साधारण ८० टक्के लांबींत, कांहीं दिसलें तर तो तत्काळ तोडतो. दुसऱ्यांत किंचित् थांबतो. तिसरा पट्टा तर शेजारच्या वाहिनीवरहि पसरलेला असतो, आणि तेथील राखणदार झोपला तरच, वाट पाहून, हा हात घालतो. शेजारधर्मच तो; पण घोटाळा झाला तो येथेंच.

कारण भागाकार लहान येण्यास बिघाडच लागतो असें नाहीं. वाहिनीवर ओझें फार झालें आणि दाबहि उतरला, तरी संख्या लहान येते, आणि राखणदारास दूर कोठें तरी बिघाड दिसूं लागतो. त्या रात्रीं बीना ते ग्वाल्हेर ह्या जोडीची दुसरी वाहिनी ७६५ किलोव्होल्टची करण्याच्या कामासाठीं बंद होती. उत्तरेकडील राज्यें आपल्या वांट्याहून अधिक वीज ओढीत होतीं. उरलेल्या एकाच वाहिनीवर सुमारें १,००० मेगावॉटचें ओझें आलें. तिसऱ्या पट्ट्यास तें बिघाडासारखें दिसलें. दुसऱ्याच दिवशीं, ३१ जुलैस दुपारीं एक वाजतां, तीच वाहिनी त्याच गैरसमजानें तुटली. ह्या वेळीं उत्तर, पूर्व आणि ईशान्य हे तिन्ही विभाग कोसळले. सुमारें ४८,००० मेगावॉट वीज गेली, आणि अनेक राज्यांतील ६० कोटींच्या वर लोकांस तिचा फटका बसला. नागपूर ज्यांत येतें तें पश्चिमेचें जाळें मात्र टिकलें. जाणारी वीज एकाएकीं घरींच राहिल्यानें त्याचा वेग पन्नास आवर्तनांच्या वर चढला, पण तें सांवरलें.

वर्तमानपत्रांनीं त्या वेळीं सारा रोष अधिक वीज ओढणाऱ्या राज्यांवर काढला. तो निराधार नव्हता. पण अपुरा होता, असें मला वाटतें. नेमकी हीच गोष्ट ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळीं कॅनडांतील नायगाराकांठच्या सर ॲडम बेक विद्युत्केंद्रांत घडली होती. टोरांटोकडे जाणाऱ्या पांच वाहिन्यांपैकीं एकीच्या रिलेची मर्यादा १९६३ सालीं बांधून ठेवली होती. मागणी वाढत गेली, मर्यादा तेथेंच राहिली. आणि वाहिनी चालविणाऱ्यांस ती किती आहे हें ठाऊकहि नव्हतें. ५ वाजून १६ मिनिटांनीं रिलेनें वाहिनी तोडली, उरलेल्या चौघींवर ओझें पडून त्याहि गेल्या, आणि न्यूयॉर्क धरून ३ कोटी लोक अंधारांत सांपडले. राखणदारानें सांगितलें तेंच केलें. त्यास काय सांगून ठेवलें आहे, हें मधल्या काळांत कोणी पाहिलें नव्हतें.

ओझें आणि बिघाड ह्यांतील भेद ओळखतां येत नाहीं असें नव्हे. नेहमींच्या ओझ्यांत प्रवाह दाबाच्या बरोबरीनें चालतो. बिघाडांत तो दाबाच्या पुष्कळ मागें पडतो. हें अंतर पाहून ओझ्याची जागा तिसऱ्या पट्ट्यांतून कापून काढणारे अंकीय रिले २०१२ पूर्वींच बाजारांत होते. पण कोणतें ओझें नेहमींचें मानावें, हें त्यांसहि कोणी तरी सांगावेंच लागतें. ऑगस्ट २०१२ मध्यें आलेल्या चौकशी अहवालानें देशांतील सर्व संरक्षणव्यवस्थेची तपासणी त्रयस्थाकडून करून घ्यावी असें सुचविलें.