रहाटापासून ड्रिपरपर्यंत: कुंडीला पाणी किती?

गेल्या मे महिन्यात डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीतला मोगरा मेला. सोसायटीत पाणीकपात होती, तरी मी सकाळ-संध्याकाळ लिटरभराचा मग ओतत होते. कुंडी उपसली तर मुळं कुजलेली आणि तळाचं भोक बुजलेलं. आईनं एवढंच विचारलं, "मोजून घालत होतीस का गं?" पीएचडी करणाऱ्या मुलीकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आज या प्रश्नाचा इतिहास बघू. संशोधनाचा विषय निवडताना तुम्हालाही तो उपयोगी पडेल.

आपल्याकडचा जुना प्रश्न होता, पाणी वर कसं काढायचं? वसई २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. तिथल्या वाड्यांमध्ये विहिरीवर बैलाचा रहाट फिरायचा, गाडग्यांतून पाणी वर यायचं आणि पाटानं झाडांच्या आळ्यांत जायचं. पुढे पंप आले, पाणी उपसणं सोपं झालं, पण आळं भरायची सवय राहिली.

दुसरा प्रश्न, पाणी सावकाश कसं द्यायचं? चीनमधल्या फान शंग-ची यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात जमिनीत मडकं पुरून वेल वाढवायची रीत आहे. भाजलेल्या मातीतून पाणी झिरपतं. माती कोरडी असेल तर जास्त, ओली असेल तर कमी. तेच काम सिम्खा ब्लास यांनी इस्रायलमध्ये प्लास्टिकच्या ड्रिपरनं केलं आणि १९६५ मध्ये तिथल्या हात्झेरिम किबुत्झबरोबर नेटाफिम सुरू झाली. महाराष्ट्रात ठिबक पसरवण्यात जळगावच्या जैन इरिगेशनचा मोठा वाटा आहे.

तिसरा प्रश्न, मुळात पाणी लागतं किती? १९४८ मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेडमधले हॉवर्ड पेनमन यांनी ऊन, वारा, तापमान आणि आर्द्रता यांवरून बाष्पीभवनाचं सूत्र मांडलं. त्याचंच सुधारित रूप १९९८ मध्ये एफएओनं प्रमाण म्हणून छापलं.

आता हे गॅलरीत आणू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मोगऱ्याचा घेर ४० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ०.१२६ चौरस मीटर. दिवसाला ५ मिलिमीटर उडतं असं धरलं, तर गरज ६३० मिलिलिटरची. मी घालत होते दोन लिटर!

मग ताशी २ लिटरचा ड्रिपर आणला. हिशेबानं १९ मिनिटं पुरायला हवीत. पण पाकिटावरचा आकडा साधारण १० मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाला असतो, माझी बादली होती एक मीटरवर. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे इथे जेमतेम एक तृतीयांश. बाटली लावून तासभर मोजलं, तर तेवढंच भरलं. १९ मिनिटांचं काम तासाचं झालं.

एक सांगून ठेवते, ५ मिलिमीटर हे गृहीत आहे. कुंडी तापते, गॅलरीत सावली असते, पावसाळ्यात तर गणितच बदलतं. म्हणून पाणी देण्याआधी बोट दोन इंच मातीत घालून बघा. ओल लागली तर थांबा.

तुमच्या विषयातही हेच करा. आधीच्या लोकांनी नेमका कोणता प्रश्न सोडवला ते शोधा, त्यांचा आकडा कुठल्या परिस्थितीतला आहे ते बघा, आणि मग स्वतःच्या बादलीवर मोजा. नवा मोगरा लावलाय. या वेळी भोक आधी तपासलं.