दकार्गलाचा पाठ आणि विहिरीची जागा

विहीर कोठें खणावी, हा प्रश्न जितका जुना तितकाच महाग आहे. जागा चुकली तर द्रव्य व श्रम मातींत जातात आणि गांव तहानलेलेंच राहतें. या विषयावरील संस्कृत प्रकरणांत वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील दकार्गलाध्याय प्रमुख होय. मुद्रित प्रतींत त्याचा क्रमांक कोठें ५३, तर कोठें ५४ असा आढळतो. ग्रंथकर्त्याचा काळ इ. स. चें सहावें शतक. ज्योतिषाच्या पोथींत पडल्यामुळें या अध्यायास शकुनसंग्रह समजून बाजूस ठेवण्याची वहिवाट आहे. ती आम्हांस मान्य नाहीं.

अध्यायाची रीति पाहावी. प्रथम भूपृष्ठावरील चिन्ह, मग त्यापासूनची दिशा व अंतर, मग खोली, आणि शेवटीं खणतांना वाटेंत लागणारी खूण, असा हा क्रम आहे. निर्जल प्रदेशांत वेतस दिसल्यास त्याच्या पश्चिमेस तीन हातांवर, दीड पुरुष खोलीवर पाणी सांगितलें आहे. अर्ध्या पुरुषावर फिकट बेडूक, मग पिंवळी माती व थरांचा दगड लागावा. उंबराच्या पश्चिमेस तीन हातांवर ही खोली अडीच पुरुष आहे. टीकाकार भट्टोत्पल पुरुष म्हणजे हात वर केलेला मनुष्य, १२० अंगुळें, असें मान देतो. अंगुळ पाऊण इंचाचें धरल्यास पुरुष साडेसात फुटांचा होतो. म्हणजे वेतसाचें पाणी सुमारें सव्वाअकरा फुटांवर आणि उंबराचें पावणेएकोणीस फुटांवर येतें. सांगितलेली खूण न लागल्यास खणणारास वेळींच शंका यावी, अशी ही मांडणी आहे. खरें-खोटें पडताळतां येईल असें विधान शकुन नव्हे.

वराहमिहिर हें ज्ञान स्वतःचें म्हणवीत नाहीं. सारस्वत मुनीचें दकार्गल पाहून आपण आर्या रचिल्या व पुढें मनूचें मत सांगतों, असें तो स्पष्ट लिहितो. त्याहून महत्त्वाचें हें कीं, जांभूळ, वेतस इत्यादि चिन्हांस सांगितलेली खोली मरुदेशांत दुप्पट धरावी, असाहि त्याचा नियम आहे. देश बदलला कीं आंकडा बदलतो, हें त्यास ठाऊक होतें.

येथेंच पाठाचा प्रश्न उभा राहतो. जांभळाच्या श्लोकांत दिशा 'उदक्' या शब्दानें दिली आहे. तिचा अर्थ उत्तर. पाण्याच्या प्रकरणांत लेखकाच्या हातून हलन्त गळला कीं 'उदक' होतें, अर्थ सरळ लागल्यासारखा वाटतो, आणि दिशा मात्र नाहींशी होते. त्याच श्लोकांत खोली 'नर' शब्दानें मोजली आहे. नर म्हणजे पुरुषमान हें न जाणणारा वाचक तेथें अडखळतो. काव्यांतील अपपाठानें रसभंग होतो, येथील अपपाठानें विहीर कोरडी जाते.

तथापि हा अध्याय घेऊन आज महाराष्ट्रांत यंत्र लावणें आम्ही योग्य समजत नाहीं. येथील बहुतेक भूमि लाव्हारसाच्या थरांची आहे. पाणी राहतें तें मुरुमांत, खडकाच्या भेगांत व दोन थरांच्या सांध्यांत. अखंड काळ्या पाषाणांत तें जवळजवळ नसतें. जुनी विहीर कित्येक हात रुंद असल्यामुळें थोडी चूक पोटांत घाली. १९७२ च्या दुष्काळानंतर सर्वत्र वाढलेल्या विंधणविहिरीचें तोंड वीतभरहि नसतें. भेग दोन हातांनीं हुकली तरी दोनशे-तीनशे फूट खोदकाम व्यर्थ जाऊं शकतें. म्हणून भूशास्त्रज्ञ भूमीचा उतार, शेजारच्या विहिरींची पातळी व थरांचा विद्युत्-रोध पाहून जागा सुचवितात. पायाळू माणसाच्या किंवा पाणाड्याच्या हातांतील काठीस असा पडताळा नसतो; दकार्गलाची व तिची गल्लत करूं नये.

सारांश, या अध्यायांतून उचलावयाचे ते आंकडे नव्हेत, तर रीति: निरीक्षण करावें, मोजावें, खणतांना पडताळावें आणि प्रदेश पाहून नियम बदलावा. संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, मुहूर्ताच्या पोथ्यांत दकार्गलाचें सुटें पान आढळल्यास तें टाकूं नये; दिशा व संख्या यांचे शब्द अक्षरशः, हलन्तासह, उतरून घ्यावेत. तसेंच दप्तरांत विहिरीच्या खर्चाचा कागद मिळाल्यास खोली, लागलेले थर व झऱ्याची दिशा यांची नोंद करावी. आमच्या भूमीचें दकार्गल लिहावयाचें झाल्यास त्याचें साधन याच कागदांत आहे.